आत्याची चुंबळ आणि पाच दिवसांची पायवाट

"पैसे खर्चून ओझं वाहायला निघालात? मग आम्ही जन्मभर वाहिलं ते फुकटच गेलं म्हणायचं!"

आमची आत्या हे बोलली तेव्हा चाळीच्या गॅलरीत सहा सॅक ओळीने मांडलेल्या होत्या. आम्ही सहा जण होतो. थोरले दादा आणि वहिनी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको, दादांची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि शेजारच्या खोलीतला तिचा मानलेला भाऊ. दादा महापालिकेत सफाई खात्यात आहेत, वहिनी घरी शिवणकाम करतात, धाकटा रिक्षा चालवतो, त्याची बायको इस्पितळात आया आहे. हे सांगायचे कारण एवढेच की, पाठीवर पिशवी टाकून मौजेखातर पायी फिरायला जाणे ही गोष्ट आमच्या घरात आजवर कोणी केलेली नव्हती. गावी जायचे ते लग्नाला, मयताला नाहीतर जयंतीला. रात्रीची गाडी धरायची, दुसऱ्या रात्रीच्या गाडीने परतायचे. आपल्याच मुलखातला समुद्र आम्ही एस.टी.च्या खिडकीतून जेवढा दिसला तेवढाच पाहिलेला.

कल्पना मुलीची. ती म्हणाली, "पुण्या-मुंबईची माणसं आपल्या कोकणात पायी सहली काढतात आणि आपण आपल्याच गावात पाहुण्यासारखे जाऊन येतो." मग तिनेच वाट आखली. सुरुवात मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला, म्हणजे बाबासाहेबांच्या मूळ गावी. आणि शेवट दापोलीजवळच्या वणंदला, म्हणजे रमाईच्या माहेरी. मधला समुद्रकिनारा जमेल तेवढा पायी, जमणार नाही तिथे एस.टी. ७ फेब्रुवारीला, रमाईच्या जयंतीला, वणंदला पोहोचायचे. हातात पाच दिवस.

वाचक बंधू-भगिनींनो, तयारीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण अशा सहलीला फार पैसा लागतो असा आपल्याकडे समज आहे. आमच्या सहापैकी चार सॅक मुलांच्या जुन्या शाळेच्या. वहिनींनी त्यांचे पट्टे दुहेरी शिवून आत जुन्या गोधडीचे तुकडे भरले. चाळीखालच्या भंगारवाल्याच्या काट्यावर प्रत्येक सॅक तोलली आणि सहा किलोंच्या वर कोणाची जाऊ द्यायची नाही असे ठरविले. एक जोडी कपडे, एक चादर, पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, मीठ-साखर-लिंबू, जखमेची पट्टी, चार दिवस टिकेल अशी सुकटीची चटणी. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवायच्या, म्हणजे ओझे मागे ओढत नाही. एस.टी.त २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासखर्चही आटोक्यात राहिला. माणशी अडीच-तीन हजारांत पाच दिवस निघाले.

आत्या हे सगळे पाहत होती. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. शेवटी ती आत गेली आणि जुन्या लुगड्याची एक चुंबळ वळून घेऊन आली. डोक्यावर पाटी ठेवताना खाली घेतात ती चुंबळ. म्हणाली, "खांद्याला पट्टा रुतला तर खाली ठेवा." आणि मग बसल्या बसल्या जे बोलली ते आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

लहानपणी, बारा-तेरा वर्षांची असल्यापासून, ती आपल्या आईबरोबर लाकडाची मोळी नाहीतर सुक्या मासळीची पाटी घेऊन गावोगाव जाई. धर्मांतर १९५६ साली झाले होते, घरात बाबासाहेबांची तसबीर लागली होती, पण डोक्यावरची पाटी काही उतरली नव्हती. "वजनाचं काही वाटायचं नाही," ती म्हणाली. "पण भरलेली पाटी एकटीला खाली ठेवता येते, उचलता येत नाही. दुसऱ्याचा हात लागतो. आईची तिला जड, माझी मला जड. वरच्या वाडीतलं कोणी हात लावायचं नाही. विटाळ. म्हणून पाटी खाली ठेवायचीच नाही. तहान लागली तरी तशीच चालायची."

केळशी आणि आंजर्ले यांच्या मधल्या एका चढणीवर जांभ्याचा एक दगड होता. छातीइतका उंच, वरून सपाट. त्यावर पाटी सरकवून टेकवता यायची आणि तशीच डोक्यावर परत घेता यायची. कोणाचा हात लागत नसे. "साऱ्या वाटेत तेवढाच एक माझा सोयरा," आत्या म्हणाली. "असला तर बघून या."

गाडीची वेळ झाली होती. आम्ही चुंबळ सॅकमध्ये ठेवली.

पहाटे मंडणगडला उतरलो तेव्हा माघाची थंडी चांगलीच होती. तिथून आंबडवे. डोंगरउतारावरचे, झाडीतले छोटेसे गाव. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. पण घराण्याचे मूळ इथले. घराणे सकपाळ, कोकणच्या रिवाजाप्रमाणे गावावरून आंबडवेकर. आज इथे स्मारक आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद येथे येऊन गेले. आम्ही गेलो त्या सकाळी मात्र आमच्याशिवाय दोन-तीन माणसेच होती. स्मारकात वंदन केले, पायरीवर बसून भाकरी खाल्ली. धाकटा सारखा आजूबाजूचा डोंगर पाहत होता. शेवटी म्हणाला, "एवढ्या आडगावातून सुभेदारांचे वडील पलटणीत गेले आणि तिसऱ्या पिढीत घटना लिहिली गेली. आपण मात्र रस्ता खराब म्हणून गावी यायचं टाळतो." बाबासाहेबांचे आजोबा मालोजी आणि वडील रामजी दोघेही फौजेत होते, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. पण तो चढ स्वतःच्या पायांनी चढल्यावर ते निराळे कळते.

त्या रात्री तालुक्यातल्याच एका बौद्धवाडीत नात्यातल्यांकडे मुक्काम केला. दारात पाऊल टाकताच "जयभीम, जयभीम" करीत सॅक ओढून घेतल्या. तांदळाची भाकरी, वालाची उसळ. झोपताना पाय दुखत होते आणि सगळे हसत होते. पहिला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने वेळासला पोहोचलो. हे गाव आता कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात इथल्या वाळूत खड्डा करून अंडी घालतात, एका घरट्यात शंभराच्या आसपास. पूर्वी ही अंडी माणसे, कोल्ही-कुत्री खाऊन टाकीत. आता गावकरी ती उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरून ठेवतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. आम्ही गेलो त्या सकाळी एकही पिल्लू निघाले नाही. कुंपणाजवळ अर्धा तास उभे राहून परतलो. मुलगी थोडी हिरमुसली. पण तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितले ते लक्षात राहिले. ते म्हणाले, "आम्हीच खात होतो अंडी. आम्हीच राखतो आता. माणूस बदलतो, वेळ लागतो."

इथून पायी वाट सुरू झाली. केळशीला जायचे तर मध्ये भारजा नदीची खाडी आडवी येते, ती आम्ही होडीने ओलांडली. होडीवाल्याने आम्हाला भरती-ओहोटीचे गणित शिकविले. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी सप्तमी होती. सातची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे सव्वापाचला भरती भरलेली, आणि त्याआधी सहा तास, अकराच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. मुलीने वहीत लिहून घेतले. घड्याळ नसताना आपल्या माणसांनी समुद्र तोंडपाठ केला होता, हे शाळेच्या पुस्तकात नव्हते.

किनाऱ्याने पायी जाणाऱ्याला हे गणित फार उपयोगी पडते. भरतीच्या वेळी कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, पोटऱ्या भरून येतात. ओहोटीला ओली घट्ट वाळू उघडी पडते, तिच्यावर माणूस रस्त्यासारखा चालतो. बूट गळ्यात अडकवून आम्ही अनवाणी चाललो. बारीक खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढून ठेवलेली, पाऊल पडायच्या आत ते बिळात पसार. पाण्याच्या कडेला पांढऱ्या कुरवांचे थवे. एका बाजूला सुरूचे बन, पुढे नारळी-पोफळीच्या वाड्या. मधूनच वाडीत मोकळे आभाळ दिसे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या बागा आडव्या केल्या होत्या. पोफळ पुन्हा लावून उत्पन्नाला यायला कित्येक वर्षे जातात. काही ठिकाणी अजून माणसाच्या कमरेएवढीच रोपे होती. वहिनी म्हणाल्या, "चाळ पडली तर माणूस दुसरीकडे भाड्यानं राहील. बाग पडली तर काय करील?"

केळशी मागे टाकून संध्याकाळी एका वाडीत उतरलो. त्या वाडीचे नाव लिहीत नाही. घरगुती राहण्या-जेवणाची सोय होती. माणसे साधी, अंगण सारवलेले, पाणी गरम करून दिले. मालकांनी वहीत नोंद करायला आधार कार्डे मागितली. आमचे आडनाव गावावरून पडलेले. ते दोनदा वाचून म्हणाले, "या गावचे? त्या गावात आमच्यातलं कोणी नाही. तुम्ही नक्की कुठले?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग धाकटा म्हणाला, "आम्ही मुंबईचेच. गावाशी आता संबंध नाही."

मालकांनी वही मिटली. जेवण चांगले होते. सोलकढी तर फारच चांगली. पण मुलीने दोन घास खाल्ले आणि उठली.

रात्री अंथरुणावर ती हळू आवाजात बोलली, पण प्रत्येक शब्द ऐकू येत होता. "काल आंबडव्याला पायरीवर फोटो काढले. आज गावच नाकारलं. मग तिथं गेलो कशाला?" धाकटा गप्प. त्याची बायको म्हणाली, "अंधार पडलेला. सहा माणसं, त्यात आम्ही बायका. नाही म्हणाले असते तर कुठं जायचं होतं?" मुलगी म्हणाली, "ते नाही म्हणाले असते हे तुम्हीच ठरवलंत. त्यांनी नाही."

दादांनी टॉर्च विझवला. आम्ही कोणीच लगेच झोपलो नाही. दोघींचेही खरे होते. दिवसा गर्वाने सांगितलेले नाव रात्री परक्या दारात तोंडातून निघत नाही, हा अनुभव आमच्या एकट्याचा नसावा. शहरात भाड्याची खोली शोधताना, मुलाच्या मित्राच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर, नव्या कामावर डबा उघडताना किती वेळा आपण असे अर्धे उत्तर दिले आहे! सॅक सहा किलोंची होती. हे ओझे आम्ही भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवले नव्हते.

सकाळी हिशेब चुकता करताना दादांनी नोटा पुढे केल्या आणि म्हणाले, "काल आम्ही अर्धंच सांगितलं. गावाशी संबंध आहे. आम्ही बौद्ध. बौद्धवाडीतले."

मालक नोटा मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "असं होय." थोडे थांबून आत वळून हाक मारली, "चहा टाका गं सहा." चहा आला. कप कालचेच होते. त्या 'असं होय'चा अर्थ आम्ही पुढे वाटभर लावत राहिलो. अजून पुरता लागलेला नाही. पण चढणीला लागल्यावर मुलगी पुन्हा सर्वांच्या पुढे चालू लागली, एवढे खरे.

तिसरा दिवस आत्याच्या वाटेचा. इथे किनारा सलग नाही. एक पुळण संपली की जांभ्याचा डोंगर समुद्रात उतरलेला असतो. तो चढायचा, पलीकडे उतरायचे, की दुसरे गाव, दुसरी पुळण. आडे, पाडले अशी गावे करीत वाट आंजर्ल्याला जाते. वर कातळावर ऊन तापते, आंब्याला मोहोर आलेला असतो आणि खाली निळ्या पाण्यावर मचव्यांचे ठिपके दिसतात. आत्याने सांगितलेल्या खुणा आम्ही विचारत चाललो. वडाचे झाड सापडले. त्याच्या पुढची चढण सापडली. पण तिथे आता डांबरी रस्ता होता आणि दोन्ही बाजूंचा कातळ तासून काढलेला होता.

चढाच्या माथ्यावर एक घर होते. अंगणात साठीच्या एक बाई जवळा वाळत घालीत होत्या. आम्ही विचारले, "मावशी, इथं ओझं टेकवायचा एक दगड होता ना?"

त्यांनी कपाळावर हात धरून आमच्याकडे पाहिले. "तुम्हाला कोणी सांगितलं? तो रस्ता केला तेव्हा गेला. फोडला असेल नाहीतर गडग्यात बसला असेल. आम्ही पण तिथंच टेकवत होतो मोळ्या." मग म्हणाल्या, "उन्हाचं उभे का? पाणी घ्या." तांब्या-भांडे घेऊन आल्या. आणि अपेक्षेप्रमाणे विचारले, "कुठले तुम्ही?"

या वेळी कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. धाकट्यानेच सांगितले. गावाचे नाव, बौद्धवाडी, आणि आमची आत्या साठ वर्षांपूर्वी या चढावरून पाटी घेऊन जात असे, हेही. बाई ऐकत होत्या. "मग माझ्या सासूनं बघितली असेल तिला," एवढेच म्हणाल्या. भांडे पुन्हा भरून दिले.

निघताना वहिनी सॅक उचलायला वाकल्या. खांदा दुखत होता म्हणून पट्ट्याखाली आत्याची चुंबळ घेतलेली, ती सारखी घसरत होती. बाई पुढे आल्या, एका हाताने सॅक खालून उचलून धरली आणि दुसऱ्या हाताने चुंबळ नीट बसवून दिली. "हां, आता चाला," म्हणाल्या आणि जवळ्याकडे वळल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटले नसावे. आम्ही मात्र उतार संपेपर्यंत एक शब्द बोललो नाही.

चौथ्या दिवशी आंजर्ल्याहून हर्णै. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला. हर्णै बंदरात पूर्वी मुंबईची आगबोट थांबे. ती काठापासून दूर उभी राही आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. आमच्या आजोबांची पिढी अशीच पोटासाठी मुंबईला गेली, गिरण्यांत आणि गोद्यांत. दुपार कलल्यावर बंदरात मासळीचा लिलाव सुरू झाला. होड्यांपर्यंत पाण्यात बैलगाड्या घातलेल्या, वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी यांचे ढीग, भोवती बोली बोलणाऱ्यांचा गलका. शहरातून आलेली माणसे ढिगांचे फोटो काढीत होती. आम्ही पाहत होतो ते पाट्या वाहणाऱ्यांकडे. डोक्यावर ओली पाटी, तिच्यातले पाणी गालावरून मानेत, आणि पाय वाळूत रुतलेले.

रमाईचे वडील भिकू धुत्रे हेच काम करीत. इथून दक्षिणेला दाभोळ बंदर आहे. तिथे ते माशांच्या पाट्या वाहून घर चालवीत. रमाई लहान असतानाच आईवडील गेले आणि नातलगांनी मुलांना मुंबईला आणले. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, लग्न झाले. ही कथा आपण जयंतीच्या भाषणांत दरवर्षी ऐकतो. पण माशांची पाटी म्हणजे किती वजन, ते कसे मानेत उतरते, हे भाषणात येत नाही. शेजारच्या मुलाने एका पाटीवाल्याला विचारून रिकाम्या गाडीवरची एक भरली पाटी उचलून पाहिली. गुडघ्यापर्यंत आली आणि त्याने परत ठेवली. तो पाटीवाला हसला. "एक दिवसात नाही येत," म्हणाला.

मुक्कामाला पुढे मुरूडला गेलो. हे महर्षी कर्व्यांचे गाव. १९१६ साली ज्यांनी महिला विद्यापीठ काढले ते धोंडो केशव कर्वे. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नव्हते. त्या संध्याकाळी वाळूवर बसून आम्ही कोकणातल्या पायी चालण्याचाच विचार करीत होतो. कोणी परीक्षेसाठी चालले, कोणी पलटणीसाठी, कोणी गिरणीसाठी, कोणी पाटी विकायला. सगळे गरजेने चालले. नुसते पाहण्यासाठी, आनंदासाठी चालण्याची मोकळीक आमच्या घराला तिसऱ्या पिढीत मिळाली. ती फुकट मिळालेली नाही, एवढे भान राहिले तर सॅक पाठीवर घेण्यात लाज नाही, असे आमचे मत झाले.

पाचव्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने दापोली गाठली. फौजेतून निवृत्त झाल्यावर रामजी सुभेदार काही काळ इथे राहिले होते. छोटा भीमराव इथल्या गल्ल्यांतून हिंडला असेल. तिथून वणंदला पायी निघालो. वाटेवर पांढऱ्या साड्यांतल्या बायका, निळे झेंडे लावलेल्या गाड्या, काखेत पोर घेतलेल्या आया. गाडीत जागा देणाऱ्यांना "नको, चालतो" म्हटले तर नवल करीत होते. एका आजींनी आमच्या सॅककडे पाहून विचारले, "एवढं काय आणलंय रमाईला?" आम्ही म्हणालो, "काही नाही आजी, आमचंच आहे." वणंदला स्मारकासमोर सॅक उतरवून ठेवल्या आणि ओळीत उभे राहून वंदन केले. पाच दिवसांत पहिल्यांदाच खांदे इतके हलके वाटले.

घरी आलो. आत्या दारातच बसली होती. पायांवरचे फोड पाहून हसली. आम्ही सगळे सांगितले. दगड गेल्याचे ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. मग वहिनींनी त्या बाईंचे सांगितले. पाणी दिले, सॅक उचलून दिली, चुंबळ बसवून दिली. आम्हाला वाटले, आत्याला बरे वाटेल.

आत्या म्हणाली, "देतील आता. सॅक आहे ना ती. मुंबईची पाहुणी म्हणून दिली असेल. ओली पाटी असती तर?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. त्या बाईंनी सॅक उचलली तेव्हा आमची जात त्यांना ठाऊक होती, हे खरे. आत्या म्हणते तेही खोटे म्हणता येत नाही. मुलगी म्हणाली, "आत्याआजी, पुढच्या खेपेला तूच चल आणि तूच विचार." आत्याने "माझे पाय गेले" म्हणून विषय संपविला.

रात्री मात्र तिने सॅकमधून चुंबळ मागून घेतली. घामाने आणि खाऱ्या वाऱ्याने ती कडक झाली होती. सकाळी पाहिले तर धुऊन दोरीवर वाळत घातलेली. आणि वहिनींना विचारत होती, "त्या चढापर्यंत एस.टी. जाते का गं? पंचाहत्तरीच्या पुढं तिकीट पडत नाही म्हणतात."

जाते. आम्ही वेळ काढून ठेवली आहे. दिवाळीनंतर, पावसाची ओल जिरली की निघायचे. या वेळी सात जण असू. आपल्यापैकी ज्यांची गावे त्या बाजूला आहेत त्यांनीही एकदा गावच्या गाडीतून दोन थांबे आधी उतरावे आणि उरलेली वाट चालून पाहावी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना निघण्यापूर्वी एवढेच विचारावे की, या वाटेवर तुम्ही ओझे कुठे टेकवत होता. उत्तर ऐकून मगच सॅक भरावी.